सूनबाई वीगन, राजमा कचरट आणि सासूबाई टेन्शनमध्ये

या आठवड्याचं पत्र आपल्या सोलापुरातल्या विजापूर रोडवरच्या एका काकूंचं आहे. मोठं आहे म्हणून थोडक्यात देते.

"ताई, माझी सून पुण्याची. कंपनीचं काम घरून करते म्हणून आता इथंच आमच्याजवळ असते. स्वभावानं गुणी आहे पण वीगन आहे, म्हणजे मटण-अंडी तर नाहीच, दूध दही तूप ताक पनीर मध यातलं पण काहीच खात नाही. आधी मला राग आला, आता वाटतं पोरीच्या पोटात नीट जायला पाहिजे. मोबाईलवर बघून राजमा केला, चार तास भिजवला, कुकरला लावला, तरी कचरट राहिला. चिंच-टोमॅटो घालून अजून उकळला, शिजंनाच झाला. शेवटी तसाच खाल्ला तर रात्री तिघांचं पोट बिघडलं. छोले केले की आमच्या ह्यांना गॅस होतो, मग ते दिवसभर टोमणे मारतात. पाहुणे म्हणतात पोरगी अशक्त होईल, प्रोटीन पावडर आणा. सून म्हणते बीन्स खाल्ले की सगळं मिळतं. डबाबंद बीन्स ऑनलाईन मागवते, लई महाग पडतात. मी रोज करू तरी काय?"

काकू, आधी एक सांगते, राग येऊन गेला आणि आता काळजी वाटतेय हे तुम्ही स्वतःच लिहिलंय, म्हणजे अर्धं काम झालेलं आहे, राहिलं ते फक्त स्वयंपाकाचं आणि त्यात तुम्हाला मोबाईलची गरज नाही.

कारण बघा की, तुमच्या घरात आत्ता जे जे होतं त्यात दूध-तूप नसलेलं किती आहे ते एकदा मोजा. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मटकीची उसळ, शेंगा भाजी (म्हणजे शेंगदाण्याच्या कुटाची), डाळकांदा, पातळ आमटी, पिठलं, हुलग्याचे (म्हणजे कुळथाचे) शेंगोळे, हिरव्या मिरचीचा ठेचा, भोगीची भाजी. यातलं एक पण सुनेसाठी बदलायला लागत नाही, वरून तूप सोडायचं नाही एवढंच. पंजाबी राजमा, मेक्सिकन बीन्स, हमस हे सगळं चांगलंच असतं, कधीतरी जरूर करा, पण रोजच्या ताटासाठी आपण दुसऱ्याचा स्वयंपाक शिकायला जातो आणि आपल्या डब्यातले हुलगे किडेपर्यंत तसेच पडून राहतात हे मला पटत नाही. तो डबाबंद बीन्सचा खर्च आधी बंद करा. डब्यात असतात ते शिजवलेलेच बीन्स, वर मीठ आणि पाणी, आणि त्या पाण्याचे पण पैसे आपण देतो.

आता त्या राजम्याचं. हे जरा नीट वाचा कारण इथं चूक झाली तर त्रास होतो. लाल राजम्यात कच्चेपणी एक लेक्टिन, म्हणजे एका प्रकारचं प्रोटीन असतं, फायटोहिमॅग्लुटिनिन असं लांबलचक नाव आहे, ते पुरेसं उकळलं नाही तर पोटात गेल्यावर एक ते तीन तासात मळमळ, उलट्या, मग जुलाब सुरू होतात. तुमच्या घरी नेमकं हेच झालं का ते मी इथं बसून सांगू शकत नाही, पण लक्षणं आणि कचरट राजमा दोन्ही एकत्र आलेत म्हटल्यावर माझा संशय तिकडंच जातो. थोडेच दाणे खाल्ले तरी पुरतं. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाचा सल्ला असा आहे की राजमा निदान पाच तास भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि ताज्या पाण्यात तीस मिनिटं खळखळ उकळायचा. आपल्या कुकरमध्ये तापमान त्याहून वर जातं त्यामुळे कुकर एकदम सेफ, पण शिट्ट्या मोजून नाही, दाणा दाबून बघायचा, बोटात धरल्यावर लोण्यासारखा दबला पाहिजे (लोणी सुनेला नको, आपल्याला उदाहरणापुरतं चालतं). आणि ते मंद आचेवर रात्रभर ठेवायचे इलेक्ट्रिक भांडे मिळतात ना, त्यात राजमा कच्चा टाकून झोपायचं नाही, त्याचं तापमान कमी पडू शकतं, आधी दणकून उकळून घ्यायचा मगच त्यात घालायचा. राजमा शिजला नाही तर तो टाकून द्या नाहीतर परत लावा, "असूदे चालतंय" म्हणून ताटात वाढू नका. मटकी, मूग, मसूर, चवळी यांचं एवढं टेन्शन नसतं.

राजमा का शिजला नाही याची कारणं तुमच्या पत्रातच आहेत. एक तर चार तास कमी, राजमा आणि छोले आठ-दहा तास तरी भिजायला पाहिजेत, म्हणजे रात्री जेवण झालं की घालायचे. दुसरं, चिंच आणि टोमॅटो. आंबट पडलं की दाण्याची साल आणि आतला चिकटपणा घट्ट होऊन बसतो, मग तुम्ही दोन तास उकळा नाहीतर चार तास उकळा. चिंच, टोमॅटो, आमसूल, लिंबू काय असेल ते दाणा पूर्ण मऊ झाल्यावर, त्याच्या आधी अजिबात नाही. आपल्याकडं बायका दोष देतात मिठाला, मीठ आधी घातलं म्हणून डाळ शिजली नाही म्हणतात, पण मीठ बिचारं यात मदतच करतं. भिजवतानाच एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा मीठ घालून बघा, ते पाणी सकाळी ओतून द्या, दाण्याची साल फुटत नाही आणि आतून लोण्यासारखा होतो, करून बघितल्याशिवाय विश्वास बसणार नाही तुमचा.

तिसरं कारण आपल्या गावाचंच आहे, पाणी. नळाला काही दिवसाआड येतं, ते आपण प्यायला भरून ठेवतो आणि बाकी सगळं बोरच्या पाण्यावर. बोरचं पाणी जड, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, आणि हे क्षार दाण्याच्या सालीत जाऊन बसले की दाणा मऊ पडत नाही. ज्या पाण्यानं भांड्याच्या बुडाला पांढरा थर धरतो ते पाणी कडधान्याला वापरू नका. भिजवायला आणि शिजवायला दोन्हीला नळाचं किंवा फिल्टरचं घ्या, तेवढं तांब्या-दोन तांब्या परवडतं. अगदीच नाईलाज असेल तर चिमूटभर खायचा सोडा, पण चिमूटभर म्हणजे चिमूटभरच, जास्त झाला की लगदा होतो, साबणासारखी चव लागते आणि बी-1 जीवनसत्त्व पण कमी होतं.

आणि चौथं, माळ्यावरचा डबा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा 42-43 च्या वर जातो, पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत वर्षभर राहिलेले दाणे नंतर काही केल्या शिजत नाहीत, उष्णतेनं आतमध्येच बदल होतो, किडलेले नसले तरी. म्हणून राजमा-छोले सुटे घेत असाल तर दुकानदाराला नवीन माल कधीचा ते विचारा आणि महिन्याचंच घ्या. नवी तूर साधारण जानेवारीच्या आसपास बाजारात येते, हरभरा फेब्रुवारी-मार्चला, तेव्हा घेतलेलं पटकन शिजतं. राजमाच खायची हौस असेल तर कोरेगावकडचा वाघ्या घेवडा शोधा, साताऱ्याचा, त्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, चव गोडसर असते आणि ग्रेव्ही दाट होते. तो पण राजम्याचाच भाऊ आहे, उकळायचा नियम त्याला पण लागू.

काकांच्या गॅसचं. त्यांना म्हणावं टोमणे नंतर मारा, आधी ऐका. कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा काही साखरा असतात, त्या आपल्या आतड्यात पचवायचं एन्झाइम आपल्याकडं नाही, मग त्या पुढं मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जंतू त्यावर ताव मारतात, गॅस तो त्यांचा. यातल्या बऱ्याच साखरा भिजवलेल्या पाण्यात उतरतात म्हणून ते पाणी कुंडीत ओता, आमटीत नको. मोड आणले की अजून कमी होतात. आणि एकदम वाटी-वाटी छोले खाऊ नका, ज्यांना सवय नाही त्यांनी मुगाच्या डाळीनं, मसुरानं सुरुवात करायची, मग मोड आलेले मूग-मटकी, मग चवळी, छोले-राजमा सगळ्यात शेवटी. काही आठवड्यात पोट बऱ्यापैकी जुळवून घेतं. हिंग, ओवा, आलं घालतोच आपण, घाला, माझा त्यावर विश्वास आहे, पण भिजवण्याच्या पाण्याचा हिशोब हिंगानं भरून निघत नाही.

मोड आणताना आपल्या उन्हाळ्यात एक होतं, फडक्यात बांधलेली मटकी दुपारपर्यंत चिकट होते आणि आंबूस वास मारते. मार्चनंतर भिजवायचं आठ तासांऐवजी पाच-सहा तास, निथळून चाळणीत पसरायची, वर ओलं फडकं, मधून एकदा पाणी मारून परत निथळायची, मोड डोकावले की फ्रिजमध्ये. आणि मोडाची मटकी वाफवूनच खायची, कच्ची सॅलडमध्ये नको, विशेषतः घरात लहान मूल किंवा बाळंतपणाचं कोणी असेल तर.

आता पाहुण्यांची प्रोटीन पावडर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 मध्ये दिलेला आकडा आहे, निरोगी मोठ्या माणसाला दर किलो वजनाला दिवसाला 0.83 ग्रॅम प्रोटीन. सुनेचं वजन 55 किलो धरलं तर 46 ग्रॅमच्या आसपास झालं. कोरड्या कडधान्यात शंभर ग्रॅमला साधारण 20 ते 25 ग्रॅम असतं, ते शिजून पाणी पिऊन अडीच-तीनपट होतं, म्हणजे वाटीभर दाट उसळीत 8 ग्रॅम धरा. दिवसाला दोन वाट्या उसळ, एक वाटी दाट आमटी, तीन भाकऱ्या, मूठभर शेंगदाणे आणि सकाळी मुगाचं धिरडं, झाला हिशोब. सोयाबीनच्या वड्या किंवा टोफू आठवड्यातून दोनदा घातले तर वरचेवर मोजायला पण नको. पावडरचे पैसे लक्ष्मी मंडईत खर्च करा.

पण एक बारीक गोष्ट आहे आणि ती आपण सोलापूरकर लोकांनीच लक्षात ठेवायला पाहिजे. मंगळवेढ्याची ज्वारी कितीही भारी असली, आहेच ती भारी, तिला पण मानांकन आहे, तरी ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचं एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनचाच एक घटक, फार कमी असतं. शेंगदाण्यात पण ते कडधान्याइतकं नसतं. म्हणजे नुसती भाकरी आणि शेंगा चटणी, जे आपलं घाईतलं जेवण, ते पोट भरतं पण एवढ्यावर दिवसच्या दिवस काढले तर कमी पडतं, आणि जो माणूस दूध-अंडं पण घेत नाही त्याला तर नक्कीच. मटकी, मसूर, हुलगे, तूर यांच्यात लायसिन भरपूर असतं, म्हणून भाकरीबरोबर उसळ किंवा आमटी पाहिजेच. एकाच घासात पाहिजे असं काही नाही, दिवसभरात झालं तरी चालतं. सकाळी चटणी-भाकरी, रात्री बाजार आमटी, बास.

बाजार आमटीवरून आठवलं, ही बार्शी-करमाळ्याकडची आमटी तुमच्या सुनेसाठीच केल्यासारखी आहे. तूर, मूग, मसूर, हरभरा, उडीद पाचही डाळी थोड्या थोड्या, काळं तिखट झणझणीत, भाकरी चुरून खायची. पुण्याच्या पोरीला तिखट सोसलं नाही तर शेंगदाण्याचं कूट वाढवा, डोळ्यात पाणी येऊन पण दुसरी वाटी मागते की नाही बघा.

माझं आवडतं मात्र हुलगं. कोकणातले लोक कुळीथ म्हणून गवगवा करतात, आपण जनावरांचं खाद्य म्हणून नाक मुरडतो. रात्रभर भिजवलेले हुलगे कुकरला पहिली शिट्टी झाली की बारीक गॅसवर वीसेक मिनिटं ठेवा, वरचं तांबूस पाणी निथळून बाजूला काढा, ते फेकायचं नाही हां, भिजवलेलं फेकायचं, शिजवलेलं ठेवायचं. त्या पाण्याचं सार होतं, तेलात लसूण ठेचून, जिरं, कढीपत्ता, सुकी मिरची, मग ते पाणी, चिंच-गूळ, एक उकळी. दाण्याची उसळ वेगळी, कांदा आणि काळं तिखट घालून कोरडी. एका कुकरमध्ये दोन पदार्थ. आणि पावसाळ्यात हुलग्याचं आणि ज्वारीचं पीठ मिसळून, लसूण-मिरची-जिरं वाटून घालून घट्ट मळायचं, शेंगोळे वळायचे आणि दाण्याच्या कूटाच्या उकळत्या रश्श्यात सोडायचे, पंधरा-वीस मिनिटात घरभर वास. सर्दी झाली की भाजलेल्या हुलग्याच्या पिठाचं गुळातलं माडगं. यात दूध घालतात काहीजण, नाही घातलं तरी काही बिघडत नाही.

चवळीचं पण एक सांगते, कामाच्या दिवशी पटकन होतं. भिजवलेली चवळी दोन शिट्ट्या. कढईत तेल जरा हात सैल सोडून, मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, काळं तिखट, आणि लगेच भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट, तिखट जळायच्या आत. मग चवळी शिजवलेलंच पाणी ओता, बारीक गॅसवर तेल वर सुटेपर्यंत उकळू द्या, मग चवळी, शेवटी थोडी चिंच. म्हणजे आपली शेंगा भाजीच, फक्त आत चवळी. क्रीम नाही, काजू नाही, तरी रस्सा दाट. कूट घेताना दाणे खवट किंवा बुरशी धरलेले नाहीत ना तेवढं बघा, काळे-हिरवे डाग असलेले निवडून फेका, ती बुरशी लिव्हरला वाईट आणि भाजून जात नाही.

सुनेचं "बीन्स खाल्ले की सगळं मिळतं" हे वाक्य मात्र तिला परत तपासायला सांगा. दोन-तीन गोष्टी नाही मिळत. बी-12 कुठल्याच कडधान्यात नसतं, मोड आणले तरी नाही, आंबवलं तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही. दही-ताक घेणाऱ्याला थोडं तरी मिळतं, तिला तेही नाही, म्हणून तिला बी-12 ची गोळी घ्यावीच लागणार, यात चॉईस नाही. ते जंतूंपासून तयार करतात त्यामुळे तिच्या तत्त्वात पण बसतं, फक्त कॅप्सूलचं कव्हर जिलेटिनचं नाही ना ते लेबलवर बघायचं. एकदा रक्त तपासून डॉक्टरांना डोस विचारा. हातापायाला मुंग्या, सारखा थकवा, जीभ सोलवटल्यासारखी होणं असं काही असेल तर थांबू नका. आणि घरात पुढं मागं पाळणा हलायचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला, हे मी सासूबाईंना सांगतेय पण बोलायचं मात्र सुनेनं आणि तुमच्या मुलानं, तुम्ही नाही.

कॅल्शियमला तीळ, नाचणी, राजगिरा, शेवग्याचा पाला. जेवणावर लिंबू पिळा, कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, आणि जेवणानंतर लगेच चहा नको, निदान तासभर जाऊ दे, तो बिनदुधाचा असला तरी. काकांना किडनीचा किंवा युरिक अॅसिडचा त्रास असेल तर त्यांच्यासाठी डाळ-उसळीचं प्रमाण त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, सुनेचं ताट आणि त्यांचं ताट सेम असायला पाहिजे असं नाही.

कामाचा लोड कमी करायचा असेल तर रविवारी दोन प्रकार जास्तीचे शिजवून, गार करून, छोट्या डब्यांमध्ये त्यांच्याच पाण्यासकट फ्रीजरमध्ये टाका. हेच तुमचे घरचे डबाबंद बीन्स. भिजत घालायचं काम सुनेकडं द्या, ती रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपवर जागी असतेच, आणि तिला पण वाटेल की सासूबाई फक्त आपल्यासाठी राबत नाहीयेत.

सणावाराला काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या वेळच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसात प्रश्न येणारच. तिळगूळ चालतो, फक्त चिक्कीत तूप लावलेलं नको. भोगीला हरभरा, पावटा, घेवडा, वाटाणा, वांगं, गाजर, तीळ, दाणे एवढं सगळं एका कढईत असतं, बाजरीच्या भाकरीवर तिला लोणी नाही, चटणी. पुरणपोळी तिची तेलावर भाजा. त्याआधी येळवस, म्हणजे शेतात साजरी करायची वेळ अमावस्या येते, शेत असलेल्या नातेवाइकांकडं जाणार असाल तर भज्जी ती पोटभर खाईल, त्यात हिरवे दाणे, भाज्या, बेसन, चिंच, पण काही घरात ताक पण घालतात म्हणून आधीच विचारून ठेवा. आंबील मात्र ताकाची असते. तिच्यासाठी ज्वारीचं पीठ आदल्या रात्री पाण्यात कालवून आंबत ठेवा, सकाळी शिजवून लसूण-जिरं-मीठ, आणि तिचा तांब्या वेगळा भरून घ्या, शेतात गेल्यावर कोणाच्या लक्षात राहणार नाही.